गिरजाक्का पाणी पीत नाही

आमच्या जिंतूरच्या पेठेतला उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. वैशाखात भज्यांची कढई मी चुलीवर ठेवतच नसे. हॉटेलासमोर रस्त्यात मांडायची, तेल आपोआप कडकडायचं. दुपारी कावळे माझ्या छपराखाली येऊन चोची उघड्या टाकून बसायचे. एकदा मला दया आली. मी त्यांच्यापुढे पाण्याची बशी सरकवली, तर त्यातला एक थोराड कावळा म्हणाला, "नुसतं पाणीच व्हय, नारबा? चहा न्हाई का?" खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण याच्या पुढचं खोटं नाही. असल्या उन्हात, बाजारच्या दिवशी, दिवस उगवल्यापासून कलेपर्यंत गिरजाक्का कासारीण माझ्या हॉटेलासमोर लिंबाखाली बसलेली असे, आणि दिवसभरात पाण्याचा एक थेंब तिच्या ओठाला लागत नसे.

एक थेंब म्हणजे एक थेंब. यात माझं तिखटमीठ नाही.

गिरजाक्काचं माहेर वालूरचं. दिसायला काळी, उंच, आणि हाडापेरानं अशी की लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली म्हणजे बुंधा बारीक वाटायचा. आवाज म्हणाल तर ती वालूरला शिंकली की इथं जिंतुरात माझ्या कपबशा वाजत. नवरा होता, पण तो इतका अबोल की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर एकदा "हूं" म्हणाला, ते पुढच्या तीस वर्षांना पुरलं. त्यामुळे घरातलं बोलणं, धंद्यातलं बोलणं आणि भांडण अशी तिन्ही खाती गिरजाक्काकडेच. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, काखेत पाटी, आणि तोंडात एक वाक्य ठरलेलं. बाई समोर बसली, हात पुढं केला की ती मनगट दाबून म्हणायची, "हात सैल सोड, बये. घट्ट धरायला जग बसलंय." आणि बाई हसायच्या आत चार बांगड्या कोपराकडं सरकलेल्या असायच्या. तिच्या हातून बांगडी पिचकली असं मी कधी ऐकलं नाही. बायका म्हणत, गिरजाक्का भरते तेव्हा कळतच नाही, आणि कळतं तेव्हा आपण आपल्या सासूचं सगळं तिला सांगून बसलेलो असतो.

मोंढ्यात एकदा कापसाच्या बोलीवरून दोन आडते एकमेकांच्या फेट्यांवर आले. एक दुसऱ्याला ओरडला, "जा, बांगड्या भर जा!" झालं. गिरजाक्का उठली, गर्दी फोडत मधोमध गेली, पदर सावरून खाली बसली आणि माळ सोडली. म्हणाली, "कोण भरतंय? या की. हात मातर मऊ लागतोय, तुमच्याच्यानं निभायचं न्हाई." माणसं हसली. ती हसली नाही. "माझ्या बांगडीला शिवी करता? जी वस्तू आईच्या हातात बघत मोठे झालात ती तुमच्या हातात आली की अब्रू जाती व्हय रं?" त्या दोघांनी मुकाट्यानं फेटे उचलले. त्यानंतर आमच्या मोंढ्यात कुणाला पाणउतारा करायचा असला तर लोक आधी लिंबाखाली बघून घेत.

अशी बाई पाणी का पीत नाही? पेठेला या प्रश्नानं पछाडलं होतं. मी स्वतः तांब्या घेऊन जायचो. "घ्या अक्का, रांजणातलं गार हाय."

"नगं."

"चहा आणू?"

"नगं म्हणलं ना नारबा. तुजं हाटेल काय बुडायलंय का माझ्यावाचून?"

मग माझ्या बाकड्यांवर तर्क चालायचे. कुणी म्हणे, बाई लय सोवळ्याची आहे. कुणी म्हणे, नवस बोलली आहे. निजामाच्या वेळचा एक म्हातारा चपराशी होता, त्यानं सांडण्या, म्हणजे उंटिणी, पाहिल्या होत्या. तो म्हणाला, सांडणीच्या पोटात आठ दिवसांचं पाणी मावतं, हिच्याही पोटात रांजण असणार. झालं, नाव पडलं. पेठ तिला माघारी सांडणी म्हणू लागली. "सांडणी आली का रं?" "आली की, बसलीय." त्या पोटातल्या रांजणाला पेठेनं पुढं तोटी बसवली, झाकण बसवलं, गोष्ट माझ्या हॉटेलातून निघून परभणीला जाऊन परत येईपर्यंत रांजणाची विहीर झाली होती. आम्ही पोट धरून हसायचो. तिच्या पाटीपाशी दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या, सरपणवाल्या, घोंगड्या विकायला आलेल्या धनगरणी, जिनिंगमध्ये कापूस निवडायला येणाऱ्या बाया, यांच्यापैकीही कुणी पाणी पीत नव्हतं. ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. आम्हाला सांडणी एकच दिसली. सबंध तांडा समोर बसला होता.

आता पेठेचं थोडं सांगतो. पोलीस ॲक्शन झालं, निजामशाही गेली, निजामाचा हाली पैसा जाऊन हिंदुस्थानचा कलदार आला, आणि आमच्या पेठेनं जणू बाळसं धरलं. रस्ता सुधारला, मोटारी वाढल्या, कापसाच्या गाड्यांची रांग लागायची तिचं एक टोक मोंढ्यात तर दुसरं कुठं असायचं ते त्या गाडीवानालाच ठाऊक. मोंढ्यामागं बाभळीचं दाट बन होतं. जिनिंगवाले बन्सीशेठ आणि आडतवाले वीरभद्रप्पा यांनी मिळून ते बन तोडलं आणि तिथं पत्र्याच्या वखारी उठवल्या. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला गेलो होतो. मीच फुकट चहा पाजला. आपली पेठ आता पेठ दिसते, असं वीरभद्रप्पा म्हणाले. ते बन तुटल्यानं कुणाचं काही गेलं, हे डोक्यात यायचं कारण नव्हतं. गड्यांचं काहीच गेलं नव्हतं. माझ्या हॉटेलाच्या मागं एक आडवी भिंत होती, तिला सगळी पेठ ओळखायची.

बन तुटल्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्याची गोष्ट. हंगाम लांबला होता, जिनिंग अजून चालू होतं. बन्सीशेठच्या जिनिंगमध्ये कापूस निवडायला सोना म्हणून एक पोरगी यायची. पेडगावचं माहेर, इथं दिलेली. वर्षभरापूर्वीच लग्न झालेलं. बाजारच्या दिवशी दुपारी ती माझ्या हॉटेलासमोरून चालली होती. चालता चालता तिनं हवेतच काहीतरी धरायला हात केला आणि पडली.

मी तांब्या घेऊन धावलो. तिचे डोळे उघडे होते. मी तांब्या तोंडाशी नेला तर तिनं दात आवळून मान फिरवली. पुन्हा नेला, पुन्हा फिरवली. बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, "पेडगावची सांडणी दिसतीया!" आणि लोक हसले. हसायला कितीसा वेळ लागतो?

गिरजाक्का आली. तिनं सोनाचं मनगट धरलं, बांगडी भरताना धरायची तसंच. आणि तिचा तो कपबशा वाजवणारा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला.

"नारबा, तोंडं फिरवायला सांग समद्यांला. हिचं लुगडं भिजलंय."

आम्ही पाठी वळवल्या. मागं बायांची धावपळ ऐकू येत होती, गाडी जुंपल्याचं ऐकू आलं. पोरगी पोटुशी होती. जीव वाचला, पोटातलं गेलं. त्यानंतर ती पेठेत कधी दिसली नाही.

त्या आठवड्यात माझ्या बाकड्यांवर सांडणी हा शब्द कुणी काढला नाही. वीरभद्रप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून आले, बन्सीशेठ आले, व्यापाऱ्यांची बैठक माझ्याच हॉटेलात भरली. वीरभद्रप्पा माणूस वाईट नव्हता. रडायला लागला तर त्याच्या डोळ्यांच्या पाण्यात सबंध वखार भिजेल असा हळवा. म्हणाला, "आपल्या पेठेत बाई तहानेनं पडली. कसलं तोंड दाखवावं माणसानं?"

याच सुमारास गिरजाक्का दुकानोदुकानी फिरू लागली. आधी ती तहसिलीत जाऊन आली होती. तिथले साहेब म्हणाले, सरकारात असल्या कामाची सोय नाही, तुम्ही आधी बायकांची संस्था काढा. तिनं विचारलं, "संस्था म्हंजी काय असतंय, साहेब?" ते म्हणाले, "पाच-सात बायका जमायच्या, चर्चा करायची." ती म्हणाली, "मंग ती दर बाजारी लिंबाखालीच हाय की. सतरंजी तेवढी न्हाई." आणि ती खरंच होती. कासारीण बांगड्या भरतेय म्हटलं की गडीमाणूस आपण होऊन दोन हात लांब सरकतो, ही आपली जुनी रीत. भर बाजारात, शंभर गड्यांच्या मधोमध, त्या बायांची बैठक चालायची आणि एका शब्दाची गंधवार्ता कुणाला लागत नसे. त्या बैठकीनंच ठरवलं होतं, असं पुढं कळलं, की सरकार देत नाही तर पेठेनं द्यावं. आपण जिनिंगला हात देतो, मोंढ्याला माल देतो, दुकानाला गिऱ्हाईक देतो. पेठेनं एक आडोसा द्यावा.

पण ते शेठच्या कानापर्यंत पोचायचं कसं? वीरभद्रप्पाच्या गादीपुढचं बोलणं मी ऐकलेलं आहे. चहा पोचवायला गेलो होतो.

"आप्पा, बायांची लय अडचण व्हायलीय."

"कळलं अक्का, कळलं. पाण्याचीच ना?"

"पाण्याचीच, पण पिण्याच्या न्हवं. पिल्यावर जी—"

आप्पांनी दोन्ही हात वर केले. कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "बास, बास. पुढं बोलू नका. आयाबहिणींच्या तोंडून ऐकायचं न्हाई आमाला काही. समजलं सगळं."

"काय समजलं?"

"सगळं!"

बन्सीशेठकडंही तेच. ती अर्ध्या वाक्यावर आली की शेठ हिशेबनिसाला हाक मारायचे. तिला कुणी हाकललं नाही, कुणी वाईट बोललं नाही. पेठेतला प्रत्येक माणूस लाजेनं इतका सभ्य झाला होता की तिचं वाक्य पुरं ऐकायला एकही शिल्लक राहिला नाही.

आणि मग त्या सगळं समजलेल्या माणसांनी पाणपोई बांधली.

काय पाणपोई होती! संगमरवराची फरशी, सहा रांजण, प्रत्येकात वाळ्याची जुडी, वर कौलारू छप्पर. दर्शनी पाटीवर बन्सीशेठच्या वडिलांचं नाव, वीरभद्रप्पांच्या आजोबांचं नाव, आणि खाली 'माताभगिनींसाठी' अशी अक्षरं. रांजणातलं पाणी इतकं गार की माशी वरून उडाली तर तिला सर्दी व्हायची. उद्घाटनाला तहसिलीतले साहेब, त्यांची मंडळी, सनईवाले. बाजारचा दिवस मुद्दाम धरलेला. समोर साऱ्या बाया आणून बसवल्या होत्या. वीरभद्रप्पा म्हणाले, पहिला पेला गिरजाक्काच्या हातात द्या, तिनंच आमचे डोळे उघडले.

पितळी पेला भरून तिच्या हाती दिला, मागच्या बायांनाही भरले पेले वाटले. पेठ श्वास रोखून बघत होती. इतक्या वर्षांनी सांडणी पाणी पिणार! मी पुढच्या रांगेत होतो. पेल्यावर बाहेरून घाम आला होता. तिच्या ओठांना भेगा पडलेल्या होत्या, त्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या.

तिनं पेला बन्सीशेठपुढं धरला.

"शेठ, पाणी लय ग्वाड दिसतंय. पिते की. पण येक सांगा, हे पिऊन आमी जायचं कुठं?"

शेठना वाटलं ती घराचं विचारतेय. "कुठं म्हणजे? आपापल्या गावी."

"गाव दोन कोसांवर हाय शेठ. त्याच्या आधी मुतायचं कुठं?"

सनईवाल्याची फुंक नळीतच राहिली. हजार माणसं होती तिथं. हजार कशाला, त्या शब्दासरशी मला तर लाखभर वाटली. आणि ऐकू येत होतं ते फक्त रांजणांचं झिरपणं.

"बाभळीचं बन हुतं तवर आमाला काई मागायची गरज न्हवती. ते तुमी तोडलं. आता दिवस उगवायच्या आधी येक डाव, आन् अंधार पडल्यावर येक डाव. मधी आमी दगड हाव. म्हणून आमी पाणी पीत न्हाई. सोनानं तांब्या का लोटला ते आता तरी समजलं का तुमाला? तिला तहान न्हवती व्हय? तिनं सकाळपासनं धरून ठिवलं हुतं. आन् तुमी तिच्या नावानं हे अजून सहा रांजण भरून ठिवले."

ती कुणावर ओरडली नाही. पेला तिनं जपून खाली ठेवला, एक थेंब सांडू न देता. तिच्यामागं बसलेल्या बायांनी आपापले पेले तसेच भरलेले फरशीवर मांडले. बाया उठून गेल्या. आम्ही त्या भरल्या पेल्यांच्या रांगेपुढं उभे राहिलो. मला आठवतं, मी संगमरवरावरची नावं वाचत होतो. सगळेच वाचत होते. दुसरीकडं बघायला जागा नव्हती.

लाज वाटली की माणूस सुधारतो म्हणतात. आमची पेठ आधी चिडली. बाई निसवली, लाज सोडली, साहेबांच्या मंडळींपुढं काय ते बोलली, असं सुरू झालं. वीरभद्रप्पा अंथरुणाला खिळले. म्हणे ताप आला. बन्सीशेठनी घरी हुकूम सोडला, त्या कासारणीला ओसरीवर चढू द्यायचं नाही. पेठेतल्या घराघरांतून तोच हुकूम सुटला. गिरजाक्काची पाटी लिंबाखाली तशीच भरलेली राहू लागली. ती मला म्हणाली, "बघ नारबा, बांगडी भरताना हात घट्ट झाला की आपण वढायचं नसतंय. थांबायचं. त्याचा तो सैल हुतोय."

पण हुकूम ओसरीचा होता. मागच्या दाराचा कुणी काढला नव्हता.

पुढच्या एका बाजारी सकाळी मी भट्टी पेटवून बाहेर आलो आणि मला वाटलं, मोंढ्यामागं जहाज लागलंय. वखारींच्या शेजारच्या पडीक जागेत बांबू रोवून बारदान ताणलेलं. पोत्यांचे चौकोन एकमेकांना शिवून चारी बाजूंनी माणूसभर उंच कनात. आत जायला वळणाची वाट. तुम्हाला माहीत असेल, मालाच्या पोत्यावर पेढीचं नाव छापलेलं असतं, ठळक, लांबून वाचता येईल असं. तर त्या कनातीवर, पूर्वेकडून बघा की पश्चिमेकडून, आमची सबंध पेठ छापलेली होती. बन्सीशेठची पेढी चार ठिकाणी. वीरभद्रप्पांची आडत प्रवेशाच्या तोंडावर. आणि माझ्या हॉटेलाच्या साखरेचं एक पोतं, ते कोपऱ्यात. ते कोण घेऊन गेलं हे मी घरी विचारलं नाही.

बाया रांगेनं आत जात होत्या, बाहेर येत होत्या, आणि पाणपोईवर जाऊन पाणी पीत होत्या.

शेठलोक धावत आले, आणि पन्नास पावलांवर सगळ्यांचे पाय रुतले. पुढं जायचं कसं? तो बायांचा आडोसा. बघायचं कसं? आपलंच नाव वाचायला मान वर करायची चोरी. आपलं पोतं उसवून घ्यावं तर भोक पडणार, आणि भोक पडलं तर बघणारा म्हणून आपलंच नाव निघणार! पेठेतले मातब्बर त्या कनातीकडं पाठ करून अर्धा दिवस उन्हात उभे होते. वीरभद्रप्पांचा ताप पळाला होता. बन्सीशेठ पाठमोरेच बोलले.

"गिरजाबाई, आमची नावं काढा तिथून."

"का वो शेठ? पाणपोईवर चालत्यात की."

"ती गोष्ट वेगळी आहे."

"कशी?"

ते खरंच विचार करत होते. मानेवरून घाम चालला होता. मग त्यांनी विचारलं, "ही पोती तुम्हाला दिली कोणी?"

"घरी इचारा."

पुढचं मला शेठनीच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, आवाज खाली करून. ते घरी गेले, ओरडले, "आपल्या वखारीतली पोती बाहेर कुणी दिली?" त्यांची बायको तीस वर्षांत त्यांच्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. ती म्हणाली, "मी दिली." मग म्हणाली, "आपल्या जिनिंगच्या हिशेबाला मी पण एकदा दिवसभर येऊन बसले होते, लग्न नवं होतं तेव्हा. तुम्ही तीन वेळा सरबत पाठवलंत. मी तिन्ही वेळा कुंडीत ओतलं." शेठ म्हणाले, "नारबा, मी तिला तेव्हा गर्विष्ठ समजलो होतो रे. तीस वर्षं समजत होतो."

पुढच्या बाजारी बन्सीशेठ स्वतः लिंबाखाली आले. चपला काढून उभे राहिले. "बोला, काय पाहिजे?"

"हात सैल सोडा, शेठ," ती म्हणाली. "आधी इटा लावा. मंग बारदान काढा."

विटा रहीमचाचांच्या भट्टीतून आल्या. पोलीस ॲक्शननंतर चाचा पेठेत फारसे बोलत नसत. माल द्यायचा, सलाम करायचा, जायचं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "ईंट मैं देतूं नारबा, पैसे नक्को. मेरी ईंट पे किसी का नाम नै रहता." जागा बन्सीशेठची, पत्रे वीरभद्रप्पांचे, मजुरी बाकीच्या दुकानांची. बायांच्या बैठकीनं झाडलोटीची पाळी लावली, ती लिंबाखालीच ठरे. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा एकानं पाटीचं विचारलं. आमच्या पेठेत दगडी पाट्यांना तोटा नाही. विहिरीला आहे, देवळाच्या पायरीला आहे, पिंपळाच्या पाराला आहे. त्या एका भिंतीवर काही नाही. आणखी कुणाच्या मनात येऊन गेलं असेल, तर ते त्याच्या मनातच राहिलं.

भिंत झाली त्या दिवशी पेठ पुन्हा जमली. आता तरी गिरजाक्का पाणपोईवर येईल, पाणी पिईल, आणि आम्ही बघू. ती आली. लोकांकडं बघितलं. म्हणाली, "तमाशा हाय का?" आणि पाटी उचलून लिंबाखाली जाऊन बसली. तिनं कधी पाणी घेतलं असेल ते घेतलं असेल. आम्हाला बघू दिलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या साली तिच्या अबोल नवऱ्यानं डोळे मिटले. लेकीनं तिला कायमचं बोलावून घेतलं. परभणीला जाणारी मोटार माझ्या हॉटेलासमोरच थांबायची. ती बाकड्यावर येऊन बसली. गड्यांच्या बाकड्यावर, सरळ. माळा नव्हत्या, पाटी नव्हती. खांदे एकाएकी अरुंद दिसत होते. माझ्याकडं नेहमीसारखी गर्दी होती, आणि मी नेहमीसारखा कसलीशी थाप रंगात आणली होती. ती मध्येच म्हणाली, "नारबा, पाणी दे."

मी तांब्या घासला. घासलेलाच होता, पुन्हा घासला. रांजणातलं तळाचं गार पाणी काढलं. तिनं तांब्या दोन्ही हातांत धरला, तोंडाला लावला, आणि मान मागं टाकून पिऊ लागली. घाई नव्हती तिला. घोट उतरत होता तसा गळा वर-खाली होत होता. म्हातारा चपराशी उठून बाहेर गेला. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं, एखादी गंमत, मोठी थाप. उभ्या जन्मात मला शब्द कमी पडला नव्हता. मी फडकं घेऊन कोरडं बाकडं पुसत राहिलो.

तिनं तांब्या खाली केला, पदरानं तोंड पुसलं.

"आणिक हाय का रे?" ती म्हणाली.